नाटक लिहायला कोण शिकवते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. सभासद भगिनींच्या आग्रहावरून येथे दिले आहे.)



चिटणीसबाईंनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत, आणि मागल्या खोलीत सांबारवड्या तयार आहेत हेही बजावून ठेवले आहे. वड्या गार झाल्या तर त्याचा दोष माझ्या माथी येईल, हे मी जाणून आहे. तरीपण आज थोडे मनातले बोलायचे आहे. तेव्हा पाच मिनिटे इकडेतिकडे झाल्यास क्षमा असावी.

विषय आहे नाटक लिहिणाऱ्यांचा. नाटक करणाऱ्यांचा नव्हे. करणाऱ्या आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. लुगडे नेसून म्हातारी व्हायला आणि फेटा बांधून सासरा व्हायला आपल्याकडे रांग लागते. पण दरवर्षी वर्धापनदिन जवळ आला की आपण काय करतो? एखादी छापील एकांकिका शोधतो, तिच्यातली पुरुषपात्रे कमी करतो, कठीण वाक्ये गाळतो, आणि झाले आपले नाटक तयार! आपल्यापैकी एखादीने स्वतः लिहिलेले नाटक या व्यासपीठावर कधी झाले काय? नाही झाले. आणि असे म्हणू नका की कोणी लिहिलेच नाही. एकीने लिहिले होते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्यक्रमाची जबाबदारी त्या साली माझ्याकडे होती. आपल्याच वस्तीतली एक सूनबाई दुपारच्या वेळी माझ्याकडे आली. पदराखाली शंभर पानी वही. म्हणाली, "काकू, एक लिहिले आहे. जरा पाहता काय?" मी पाहिले. अंथरुणाला खिळलेली सासू, तिचे सारे करणारी सून, आणि दोन दिवसांसाठी येऊन सगळ्यांना शहाणपण शिकवून जाणारी नणंद, एवढीच तीन पात्रे. मी वही चाळली, चहा केला, आणि म्हटले, "अगं, छान आहे. पण वर्धापनदिनाला आजारपण कशाला? लोक हसायला येतात." खरे सांगायचे तर आणखी एक भीती माझ्या मनात होती. त्या नणंदेत कोणाला कोणाची ओळख पटली असती तर मंडळात वादळ झाले असते. ती "बरं" म्हणाली, वही उचलली आणि गेली. त्या साली आपण छापील विनोदी नाटक केले. लोक हसले. तिने मात्र पुढे काही लिहिले नाही.

मी तिचा अपमान केला नाही, हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत आले. पण नुसते "छान आहे" म्हणून वही परत करणे हे एखाद्या वेळी रागावण्यापेक्षाही वाईट असते. रागावणाऱ्याने निदान वाचलेले तरी असते!

आता तुम्ही म्हणाल, ज्याच्या अंगी असते तो लिहितोच. लिहिणे काय शिकवून येते? हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. गाणे शिकायला गुरू लागतो, हे आपण मान्य करतो. भरतकाम, शिवण, इतकेच काय पण पुरणपोळीसुद्धा कोणाच्या तरी हाताखाली शिकावी लागते. नाटक तेवढे आकाशातून पडते, असे आपल्याला का वाटावे? जरा आपल्याच गावाकडे पाहू या.

महेश एलकुंचवार हे आपल्या नागपूरचे नाटककार. जन्म १९३९ चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. तरुणपणी ते एकदा सिनेमाला निघाले होते. तिकीट मिळाले नाही, म्हणून नाटकाला जाऊन बसले. नाटक होते विजय तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ आणि दिग्दर्शन विजयाबाई मेहतांचे. त्या एका प्रयोगाने त्यांना नाटकाचे वेड लागले. पण दुसऱ्या दिवशी लगेच लेखणी उचलून ते नाटककार झाले काय? नाही. पुढचे वर्षभर त्यांनी मिळतील ती नाटके वाचून काढली. नंतर लिहायला घेतले. १९६७ साली त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त आली, विजयाबाईंच्या नजरेस पडली, आणि ‘रंगायन’ने त्यांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. पुढे १९८५ साली ‘वाडा चिरेबंदी’ आले. वऱ्हाडातल्या धरणगावकर देशपांड्यांचा तो खचत चाललेला वाडा आपण सगळ्यांनी आपल्या माहेरी नाही तर सासरी कुठे ना कुठे पाहिलेला आहे. म्हणून तर ते नाटक पाहताना आपला घसा दाटून येतो.

आता यातल्या पायऱ्या मोजा. एक, चांगला प्रयोग पाहायला मिळाला. दोन, वर्षभर वाचन झाले. तीन, लिहिलेले छापणारे मासिक होते. चार, ते वाचून ‘हे मी करते’ म्हणणारी जाणती दिग्दर्शिका होती. बुद्धी त्यांची, हे तर खरेच. पण या चार पायऱ्यांतली एखादी निखळली असती तर काय झाले असते, कोण सांगणार? ‘रंगायन’ ही संस्थाच मुळी १९६० साली प्रयोग करून पाहण्यासाठी निघाली होती. विजयाबाई, तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशी मंडळी तिच्यात एकत्र आली. लेखक, दिग्दर्शक आणि नट एका सतरंजीवर बसत. लेखकाला याहून चांगली शाळा कोणती?

आणि खुद्द तेंडुलकर? त्यांचे सुरुवातीचे ‘गृहस्थ’ हे नाटक चालले नाही. पुन्हा नाटक लिहायचे नाही, असे त्यांनी ठरवून टाकले होते. तो निश्चय मोडला म्हणून १९५६ साली ‘श्रीमंत’ आले, आणि पुढचे सारे आपल्याला मिळाले. पुढे त्याच ‘गृहस्थ’वरून त्यांनी ‘कावळ्यांची शाळा’ लिहिले. म्हणजे पडलेले नाटकसुद्धा पुन्हा उभे करता येते. पहिले नाटक फसले तर लिहिणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवणारे कोणीतरी हवे असते, एवढाच याचा अर्थ.

आता आपल्या बायकांकडे वळू. मराठीत स्त्रियांनी नाटके लिहिली नाहीत असे समजू नका. सोनाबाई केरकरांचे ‘छत्रपती संभाजी’ १८९६ चे. हिराबाई पेडणेकरांचे ‘दामिनी’ १९१२ साली ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. आणि तिसरे नाव तर आपण आपल्या मंडळाच्या भिंतीवर लावावे असे आहे, ते गिरिजाबाई केळकरांचे. खाडिलकरांचे ‘बायकांचे बंड’ १९०७ चे. गिरिजाबाईंनी त्याला १९१३ साली उत्तर दिले, ‘पुरुषांचे बंड’! या गिरिजाबाईंनी जळगावला भगिनी मंडळ काढले होते. आपल्यासारखेच हो! हळदीकुंकू, व्याख्याने, बायकांना एकत्र आणणे, सगळे तेच. आणि १९२८ साली त्या मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. त्या मानाची पहिली स्त्री. तेव्हा मंडळ आणि नाटककार यांचा काय संबंध, असे कोणी विचारले तर गिरिजाबाईंचे नाव सांगावे.

अलीकडचे पाहायचे तर ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ १९८३ चे. तेही स्त्री मुक्ती संघटनेतून, म्हणजे बायकांच्या संस्थेतूनच, आले आणि गावोगाव झाले. १९८९ साली सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ लिहिले आणि एकट्या उभ्या राहून केले. त्याला ना मोठे नेपथ्य, ना मोठे भांडवल.

आता नव्या लिहिणाऱ्याला आज शिकायची सोय कुठे आहे, ते थोडक्यात सांगते. आपल्या मुली, सुना, नाती इथे बसल्या आहेत; त्यांना याचा उपयोग होईल.

पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८५ ते १९९४ या काळात नव्या नाटककारांसाठी एक योजना चालवली. कल्पना सतीश आळेकरांची आणि साहाय्य फोर्ड फाउंडेशनचे. नव्या लेखकाच्या पाठीशी संस्थेने उभे राहायचे, ही त्यामागची दृष्टी. विलायतेतही असेच झाले. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात १९५८ साली तरुण लेखकांचा एक गट जमू लागला. अर्नोल्ड वेस्कर, एडवर्ड बाँड, आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे नायजेरियाचे वोले सोयिंका त्या गटात होते. एवढे मोठे लोकही एकमेकांसमोर बसूनच शिकले!

आज पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी आहे, संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. सिनेमासाठी लिहायचे तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचे वेगळे शिक्षण मिळते. नाटककार प्रेमानंद गज्वी मूळ आपल्या विदर्भातले, चंद्रपूरकडचे. ‘घोटभर पाणी’ आणि ‘किरवंत’ लिहिणारे. त्यांच्या बोधी नाट्य परिषदेच्या नाट्यलेखन कार्यशाळांत नव्या लेखकांची नाटके वाचली जातात आणि त्यांवर चर्चा होते. २०१९ साली नाट्यसंमेलन नागपुरात रेशीमबागेत भरले तेव्हा तेच अध्यक्ष होते, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या स्मरणात असेल.

स्पर्धांनाही कमी लेखू नका. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून महाविद्यालयांतल्या मुलामुलींना लिहिते करतो आहे. राज्य नाट्य स्पर्धा आहे, कामगार कल्याण मंडळाची आहे, मुलांसाठी बालनाट्य स्पर्धा आहे. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली प्रथम राज्य नाट्य स्पर्धेतच झाले. स्पर्धेची तारीख ठरलेली असते, म्हणून हात चालतो. आपण नाही का, पाहुणे येणार म्हटले की घर आवरतो, तसेच आहे ते.

आणि आपल्या विदर्भाची खरी शाळा तर पलीकडे झाडीपट्टीत आहे. दिवाळी ते होळी तिथे नाटकांचा हंगाम. शंकरपट, मंडई असली की गावात नाटक ठरलेले. रात्री सुरू होते ते पहाटेपर्यंत. देसाईगंज-वडशाला नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. तिथल्या लेखकाला कोणी पदवी विचारत नाही. समोरचा शेतकरी थंडीत घोंगडे पांघरून बसला आहे. तो उठून गेला की लेखकाला आपली चूक कळते. तिथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या पुष्कळांना झाडीपट्टी नकाशात शोधावी लागली!

पण भगिनींनो, यात एक अडचण आहे, आणि तीच मला आज मांडायची आहे. विद्यापीठात जायचे तर वय हवे, पैसा हवा, घर सोडायला हवे. मुलगा जाऊ शकतो. मुलगीही आता जाते, चांगली गोष्ट आहे. परंतु जिच्या घरी दोन वेळचा स्वयंपाक, मुलांची शाळा आणि एखादे आजारपण आहे, ती बाई पुण्याला कशी जाईल? तिची शाळा तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत हवी. आणि तशी जागा एकच आहे, हीच, जिथे आपण बसलो आहोत.

तिथे शिकवायचे काय? मी काही नाटककार नाही. पण नाटके पाहिली पुष्कळ. सीताबर्डीवरच्या जुन्या धनवटे रंगमंदिरात वडिलांचे बोट धरून पाहिली, आणि तीस वर्षे शाळेत मुलांची बसवली. त्यातून जे थोडे कळले ते सांगते.

पहिले असे की नाटक मोठ्याने वाचावे लागते, आणि ते लिहिणारणीने नव्हे, दुसरीने वाचावे. लिहिणारी वाचते तेव्हा वहीत नसलेलेही आवाजाने भरून काढते. दुसरी वाचते तेव्हा जिथे अडखळते तिथे वाक्य सुधारायचे.

दुसरे, पात्रांची नावे झाकून संवाद वाचावेत. सासू, सून आणि नणंद एकसारख्याच बोलत असतील तर तिन्ही पात्रे म्हणजे लेखिकाच आहे, असे समजावे.

तिसरे, ‘तिच्या मनात विचारांचे काहूर माजले’ असे कंसात लिहून भागत नाही. कादंबरीत चालते. रंगमंचावर काम करणारीने काय करावे? काहूर कसे दाखवावे? त्यापेक्षा तिने सासूचे औषध चमच्यात ओतावे आणि ते हातातच राहावे. हे दिसते.

चौथे, मुद्द्याची गोष्ट पात्रांनी लगेच बोलून टाकू नये. दोन जावा पोळपाटावरून भांडत असतात, पण भांडण असते घराच्या वाटणीचे. वाटणी हा शब्द न उच्चारता ते भांडण लिहून पाहावे. ही कला आपल्याला शिकवावी लागत नाही, जन्मभर आपण तेच करत आलो आहोत! फक्त कागदावर उतरवायची सवय नाही.

आणि पाचवे, माध्यम ओळखावे. सिनेमात घर, बाजार, रेल्वेचे फाटक असे क्षणात फिरता येते; रंगमंचावर प्रत्येक बदलाला पडदा आणि वेळ लागतो. आकाशवाणीच्या श्रुतिकेत तर काहीच दिसत नाही. पितळी डबा पडल्याचा आवाज हेच तिथले स्वयंपाकघर. नागपूरला आकाशवाणी केंद्र १९४८ साली आले. श्रुतिका ऐकून संवाद कसा असावा हे आमच्या पिढीने घरबसल्या शिकून घेतले. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर इथलेच, आणि त्यांनी ‘वऱ्हाडी माणसं’ लिहून आपली बोली मानाने रंगमंचावर बसवली. तेव्हा आपल्या घरातली भाषा नाटकाला चालेल का, ही शंका नागपूरकरणीने तरी घेऊ नये.

आणि विषयांची भीती? शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केल्यावर मागे राहिलेल्या बायकांवर श्याम पेठकरांनी ‘तेरवं’ लिहिले, हरीश इथापेंनी ते बसवले, आणि त्यात काम केले ते ज्यांच्यावर हे ओढवले त्या बायकांनीच. त्यांतल्या वैशाली येडे यांच्या हस्ते २०१९ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. त्या बायका एवढे उभे करू शकल्या, आणि मी एका आजारी सासूला घाबरले!

आता माझी सूचना. कार्यकारिणीपुढे ती लेखी देणारच आहे. आज फक्त सांगते. महिन्यातून एका शनिवारी दुपारी तीन ते पाच या खोलीत लिखाणाचे वाचन व्हावे. एका वेळी एकीचेच. वाचणारी दुसरी. ऐकणाऱ्यांनी ‘छान’ किंवा ‘वाईट’ म्हणायचे नाही; काय दिसले, कुठे कान टवकारले आणि कुठे जांभई आली, तेवढेच सांगायचे. ‘आमच्याकडे असे होत नाही’ आणि ‘ही अमकीच दिसते’, ही दोन वाक्ये त्या खोलीत बंद. इथे ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. लिहिणारीने तीन महिन्यांनी सुधारलेली प्रत पुन्हा आणायची. आणि पुढल्या वर्धापनदिनी अर्धा तास आपल्याच सभासदेच्या नाटकाला राखून ठेवायचा. खर्च झेरॉक्सचा आणि चहाचा. चहा वर्षभर माझ्याकडे लागला.

कोणी म्हणेल, यातून एलकुंचवार निघतील काय? न का निघेनात. भजनी मंडळातून कोणी हिराबाई बडोदेकर निघाली नाही म्हणून आपण भजन बंद करत नाही. पण लिहिणारी बाई वही घेऊन कोणाच्या दाराशी गेली तर ते दार उघडे असावे, एवढे आपल्या हाती आहे.

शेवटी त्या सूनबाईंचे सांगते. हे भाषण करायचे ठरले तेव्हा गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले. सासूबाईंना जाऊन आता चार वर्षे झाली. मी म्हटले, "त्या वेळी मी तुझे नीट वाचले नाही. माझे चुकले." ती काही बोलली नाही. आत गेली आणि तीच वही घेऊन आली. पुढल्या सत्तावीस पानांत नाटक, आणि मागल्या बाजूने चार वर्षांचा दुधाचा हिशेब. मी तिथेच बसून सगळे वाचले, मोठ्याने. नणंदेच्या प्रवेशात मी दोनदा अडखळले. तिने ओट्यावरची पेन्सिल आणली आणि तिथे खुणा केल्या. मग म्हणाली, "काकू, शेवट अजून जमला नाही."

ती आज इथे बसली आहे. कोण ते मी सांगणार नाही, आणि तुम्हीही शोधू नका. कार्यकारिणीने होकार दिला तर पहिल्या शनिवारी तिचीच वही वाचायची, असे आमचे ठरले आहे. नकार दिला तर वाचन माझ्या ओसरीवर होईल, चहा तोच!

 सांबारवड्या वाट पाहत आहेत. एवढे बोलून मी आपली रजा घेते.